वरचे दूध आणि पितळी पातेले

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरची भांडी उतरवली तेव्हा त्यांत एक लहान पितळी पातेले निघाले. काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत एका मुलाचे नाव, 'यास बारशानिमित्त मामाकडून' एवढा मजकूर आणि शके १८७१. भांड्यांवर कोरलेली नावे टिपून ठेवण्याचा नाद मला वीस-बावीस वर्षांपासून आहे. जुन्या भांड्यांची दुकाने, देवळांच्या कोठ्या, ओळखीच्यांच्या फडताळांमधले डबे अशी ही भटकंती असते. त्यामुळे पातेले हाती येताच सवयीने वही काढली आणि नाव उतरवून घेतले. मग लक्षात आले, हे माझ्या वडिलांच्या पाठच्या भावाचे नाव. तो दीड वर्षाचा होऊन गेला. त्याच्या आधीचा एक असाच गेला होता. दोघांबद्दल आजी एकच वाक्य बोलत असे : "पोराचं लिव्हर झालं."

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना हे शब्द ओळखीचे वाटतील. 'लिव्हर' हे आपल्याकडे शरीराच्या एका अवयवाचे नाव नव्हते, लहान मुलांच्या एका आजाराचे नाव होते. मूल किरकिरे होई, खाणेपिणे बिघडे. पोट फुगू लागे. हात लावला तर उजव्या बरगडीखाली दगडासारखे कठीण, धारदार काठाचे यकृत लागे. नंतर डोळे पिवळे होत, पोटात पाणी भरे आणि काही महिन्यांत मूल जाई. बहुतेक मुले सहा महिने ते तीन वर्षे या वयाची असत. पाच वर्षांनंतर हा आजार जवळजवळ दिसत नसे. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याचे नाव आहे 'इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस'. एखाद्या आजाराच्या नावातच आपला देश असावा, यात भूषणावह काही नाही.

मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीपर्यंतचा. पण त्या पातेल्यामुळे या आजाराचे जुने शोधनिबंध मिळतील तिथून मिळवून वाचत गेलो. काही डॉक्टर मंडळींनी धीराने शंका निरसल्या. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. या कथेचा महत्त्वाचा भाग पुण्यात घडला आणि तरीही मराठी घरांना ती फारशी ठाऊक नाही, हेही लिहिण्याचे एक कारण आहे.

या आजाराची पहिली नोंद १८८७ सालची, कलकत्त्याच्या सेन नावाच्या डॉक्टरांची. पुढची नव्वद वर्षे कारणांचा शोध चालू राहिला. यकृत खराब होते म्हणजे काविळीचा विषाणू असावा, असे काहींना वाटले. कुणी कुपोषणाकडे बोट दाखवले, पण ही मुले बहुधा खाऊनपिऊन असलेल्या मध्यमवर्गीय घरांतली होती. अगदी गरिबांच्या झोपडीत हा आजार कमीच दिसे. म्हैसूरकडच्या संशोधकांनी शेंगदाण्याच्या पिठातल्या बुरशीच्या विषाचा माग काढला. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-तीन मुले जात, म्हणून आनुवंशिकतेचा संशय तर सुरुवातीपासून होताच. शिवाय एक विचित्र गोष्ट सगळ्यांच्याच नोंदींत येई. आजार हिंदू घरांत पुष्कळ आणि त्याच गावातल्या मुस्लिम, ख्रिस्ती घरांत क्वचित. विषाणू काही जात-धर्म विचारून घरात शिरत नाही. मग हे काय?

डॉक्टर कारणे शोधत होते तेव्हा घराघरांत कारण कधीच सापडलेले असे. आईचे दूध 'बाधले'. आईच्या अंगात उष्णता फार. तिने गरोदरपणात अमुक खाल्ले. दृष्ट लागली. पहिले मूल गेले की दुसऱ्याच्या वेळी आईचे दूध लवकर तोडून गाईचे सुरू करावे, असा सल्ला घरची वडील माणसे देत आणि काही वैद्यही देत. मद्रासच्या जम्मींचे 'लिव्हर क्युअर' हे औषध त्या काळी घरोघर माहीत होते. आमच्या आजीनेही ते कुणाकरवी मागवले होते. दुसऱ्या मुलाला तिने स्वतःचे दूध तीनच महिने पाजले आणि मग 'वरचे दूध' सुरू केले. पहिल्याला आपले दूध बाधले, ही तिची समजूत अखेरपर्यंत गेली नाही. तिच्या या एका वाक्याकडे पुढे परत यावे लागणार आहे.

आता थोडे शरीरशास्त्र. तांबे हे आपल्या शरीराला लागणारे द्रव्य आहे, पण अगदी थोडे. दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम अन्नातून येते आणि तेवढे पुरते. जास्तीचे बाहेर टाकायची वाट लघवीची नव्हे, पित्ताची. यकृत जादा तांबे पित्तात सोडते, पित्त आतड्यात उतरते आणि तिथून ते निघून जाते. ही यंत्रणा जन्मतः पूर्ण तयार नसते. उलट निसर्गाने बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा आधीच भरून दिलेला असतो, कारण दूध हे तांब्याच्या बाबतीत कंजूष अन्न आहे. नवजात बाळाच्या यकृतात ग्रॅममागे जितके तांबे असते तितके मोठ्या माणसात आढळले, तर डॉक्टर दचकतील. पुढच्या काही महिन्यांत हा साठा हळूहळू वापरला जातो. म्हणजे पहिले चार-सहा महिने बाळाचे यकृत एकीकडे भरलेले आणि दुसरीकडे उपसा करायला कच्चे, अशा स्थितीत असते. या काळात बाहेरून तांब्याचा मारा झाला तर ते जाणार कुठे?

गंमत अशी की गाईच्या दुधात तांबे आईच्या दुधापेक्षाही कमी असते. म्हणजे गाय निर्दोष. तांबे येते ते दूध गाईच्या सडातून निघाल्यानंतर.

या आजाराशी तांब्याचे नाते प्रथम दिसले ते लंडनमध्ये. यकृताचा बारीकसा तुकडा काढून काचेवर घ्यायचा, त्यावर रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, ही विकृतिशास्त्राची नेहमीची पद्धत. ऑर्सीन नावाचा एक रंग आहे. तांबे धरून ठेवणारी प्रथिने पेशीत साचली असतील तर तो त्यांना गडद तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने दाखवतो. १९७८ साली पोर्टमन, टॅनर, मोवॅट आणि विल्यम्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये कळवले की या भारतीय मुलांच्या यकृतात असे ठिपके खच्चून भरलेले आहेत. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष तांबे मोजले गेले. निरोगी यकृताच्या सुकवलेल्या एका ग्रॅममध्ये साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते आठशेच्या वर आणि कित्येकदा काही हजारांत होते.

यकृतात तांबे साचण्याचा एक आनुवंशिक आजार तोवर चांगला माहीत होता. त्याचे नाव विल्सनचा आजार. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. त्यात तांबे पित्तात सोडणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असते. पण विल्सनचा आजार दीड वर्षाच्या बाळाला गाठत नाही. त्यात रक्तातले तांबेवाहक प्रथिन, सेरुलोप्लाझ्मिन, बहुधा कमी असते. आपल्या मुलांत ते नेहमीसारखे किंवा जास्तच होते. म्हणजे हा विल्सनचा भाऊबंद असेल, पण विल्सन नव्हे. आणि विल्सनमध्येही तांबे इतक्या कोवळ्या वयात एवढ्या प्रमाणात साचत नाही. ते येत कुठून होते?

या प्रश्नाचा माग पुण्यात लागला. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या बालरोग विभागात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे काम करत होते. हे रुग्णालय वेगळे आणि मुंबईचे केईएम वेगळे, हे मुंबईकरांसाठी सांगितलेले बरे. आसपासच्या जिल्ह्यांतून 'लिव्हर झालेली' मुले त्यांच्याकडे येत. लंडनच्या निबंधातले स्टुअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर जोडले गेले. या मंडळींनी जे केले त्यात मोठ्या यंत्रांचा भाग कमी होता. त्यांनी आयांना प्रश्न विचारले. बाळाला वरचे दूध कितव्या महिन्यात सुरू केले? कशात तापवले? तापवल्यावर कशात ठेवले? किती वेळ? भांडे कोणत्या धातूचे? कल्हई केव्हा केली होती? पूर्वीच्या नोंदींत मुलाचे वय, वजन, जात, धर्म, गाव सगळे असे. स्वयंपाकघरातले पातेले मात्र कुणी लिहून घेतले नव्हते.

१९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. तांबे उतरलेले जनावराचे दूध फार लवकर सुरू करणे हे या आजाराचे कारण असू शकेल, असे त्यात मांडले होते. पुढे आजारी मूल आणि त्याच्याशी वय, समाज इत्यादी जुळणारे निरोगी मूल अशा जोड्या लावून त्यांनी आहाराचा इतिहास तपासला. आजारी मुलांत वरचे दूध फार लवकर सुरू झालेले आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले-ठेवलेले, असे ठळकपणे दिसले. १९८९ साली ओ'नील आणि टॅनर यांनी प्रयोगशाळेत पितळेच्या भांड्यात दूध तापवून, ठेवून पाहिले. पितळ म्हणजे साधारण दोन भाग तांबे आणि एक भाग जस्त. दुधातले केसीन, म्हणजे ज्याचे पनीर होते ते प्रथिन, तांब्याला चिकटते आणि ते ओढून घेते. दूध जितके जास्त वेळ भांड्यात, तितके तांबे जास्त. कथलाचा थर शाबूत असेल तर हे घडत नाही.

हे वाचताना मला आमच्या स्वयंपाकघरातला एक शब्द आठवत राहिला. कळक. ताक पितळेच्या भांड्यात राहिले की कळकते. आमटी कळकते, चिंचेचे सार कळकते. हिरवट झाक येते, जिभेला तुरट-कडवट चव लागते, उलटी होते. आंबट पदार्थ पितळेत ठेवू नये हे आमच्या आजीला कुणी शिकवावे लागले नव्हते. त्यासाठी दगडी, चिनी मातीची भांडी, काचेच्या बरण्या होत्या. आणि पितळेत शिजवायचेच तर कल्हई हवी. कल्हईवाला दारात आला की भाता, कोळसे, नवसागराचा पांढरा धूर, कथलाची कांडी आणि कापडाचा बोळा फिरवताच काळ्या-पिवळ्या भांड्याच्या पोटात पसरणारी चांदी. ते पाहायला आम्ही मुले शाळा बुडवत असू. तांब्याचे विष काय असते हे आपल्या घरांना पक्के ठाऊक होते आणि त्यावरचा उपायही ठाऊक होता.

पण त्या ज्ञानाची परीक्षा जीभ घेत होती. आंबट पदार्थात उतरलेले तांबे जिभेला कळते. दूध गोड. ते कळकल्याचे कुणाला जाणवत नसे. म्हणून ते कळकण्याच्या नियमातून आपोआप वगळले गेले. उलट पितळेच्या चरवीत काढलेले, पितळेच्या पातेल्यात मंद आचेवर तापलेले दूध हे सर्वांत शुद्ध. भांडे सोवळ्यातले, चिंच-राखेने घासून लखलखीत केलेले. आणि हीच ती मेख. घासण्याने कथलाचा थर झिजतो. ताकाच्या भांड्याची कल्हई उडाली तर दुसऱ्या दिवशी कळते. दुधाच्या भांड्याची उडाली तर कुणालाच कळत नाही, आणि बाळाच्या छोट्या पातेल्याला तर कित्येक घरांत कल्हईच नसे, कारण त्यात आंबट काही शिजायचे नसे. सकाळी दूध तापवायचे, त्यातच ठेवायचे, लागेल तसे पुन्हा कोमट करायचे आणि बोंडल्याने बाळाच्या तोंडात घालायचे. बोंडलेही बहुधा पितळेचेच.

घरातली मोठी माणसे तेच दूध पीत. त्यांना काही होत नसे, कारण त्यांच्या जेवणात दूध थोडे, आणि जादा तांबे बाहेर टाकणारे त्यांचे यकृत तयार. बाळाचे सगळे अन्नच ते. हिंदू-मुस्लिम फरकाचा उलगडाही इथेच होऊ लागतो. दोन्ही घरांत गाव एक, पाणी एक, गाय कदाचित एकाच गोठ्यातली. पण मांडणीवरची भांडी वेगळी आणि कल्हईची रीत वेगळी. आणि अगदी गरिबांचे? त्यांच्याकडे पितळ कुठून येणार? वरचे दूध तरी कुठून येणार? आईचे दूध मूल चालायला लागेपर्यंत. नाइलाजाने का होईना, पण त्या मुलाचे यकृत वाचत होते.

आता आजीच्या वाक्याकडे येतो. तिने पहिल्या मुलाला काय पाजले ते मला माहीत नाही. दुसऱ्याला मात्र तीन महिन्यांत आपले दूध तोडून मामाकडच्या नव्या पातेल्यातले दूध तिने दिले, आणि ते त्याच्या भल्यासाठी दिले. याच पातेल्याने तो गेला असे मी म्हणू शकत नाही. एका घरातल्या एका मुलाबद्दल सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी असे कुणीच म्हणू शकणार नाही. पण पुण्याच्या त्या निबंधांतले कोष्टक वाचताना मला आकडे दिसत नव्हते, एवढे सांगायला हरकत नाही.

या संशोधनातून लगेच दोन वाटा निघाल्या. एक उपचाराची. पेनिसिलामिन हे औषध तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढते. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी ते विल्सनच्या आजारासाठी वापरायला सुरुवात केली होती. नावावरून ध्यानात येईल, ते पेनिसिलिनच्या घराण्यातले आहे. पुण्याच्या गटाने ते या मुलांना दिले. कावीळ आणि पोटात पाणी ही पायरी आल्यावर त्याचा उपयोग फारसा होत नसे. त्याआधी सुरू झाले तर काही मुले वाचू लागली. जो आजार म्हणजे हमखास मृत्यू, त्यात हे घडत होते. १९९६ साली या गटाने अशा २९ मुलांची पुढची हकीकत प्रसिद्ध केली. १९८०च्या दशकात उपचार घेतलेली ही मुले मोठी झाली होती, धडधाकट होती आणि त्यांचे औषध थांबवता आले होते. काहींचे यकृत पुन्हा तपासले तेव्हा ते जवळपास नेहमीसारखे झालेले आढळले. सिरॉसिस म्हणजे यकृताचा वाळलेला, न परतणारा व्रण, ही समजूत या मुलांनी खोटी पाडली. विल्सनच्या रुग्णाला औषध जन्मभर घ्यावे लागते. या मुलांना ते लागले नाही, ही गोष्ट स्वतःच बोलकी आहे. बाहेरून येणारा तांब्याचा नळ बंद झाला, साठलेले उपसून काढले, की यकृत आपले काम सांभाळत होते.

दुसरी वाट प्रतिबंधाची. ज्या घरात एक मूल गेले तिथे पुढच्या बाळाच्या वेळी आईला सांगायचे : अंगावरचे दूध चालू ठेव, आणि वरचे द्यावेच लागले तर पितळ-तांब्यात ठेवू नकोस. सल्ला एवढाच. लस नाही, गोळी नाही.

मात्र तोवर आणखी एक मोठी उलथापालथ आपोआपच चालू झाली होती, आणि तिचे श्रेय कोणत्याही आरोग्य खात्याला देता येत नाही. ती घडवली बोहारणींनी. जुनी जरीची लुगडी, पँटी, धोतरे घेऊन स्टीलचे भांडे देणारी बाई दुपारी दारात बसे. तासभर घासाघीस होई. आमच्या आईने माझ्या मुंजीतल्या कपड्यांवर एक स्टीलचे पातेले मिळवले होते, त्याची फुशारकी ती वर्षभर मारत होती. बायकांना स्टील हवे होते ते चिंच-राखेने मनगटे मोडू नयेत म्हणून, कल्हईवाल्याचे पैसे वाचावेत म्हणून, आणि शेजारणीकडे आले म्हणून. पितळ मोडीत जाऊ लागले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्टीलने मांडण्या भरल्या आणि नव्वदीपर्यंत 'लिव्हर झालेली' मुले रुग्णालयांत दिसेनाशी झाली. योगायोगाची एक बारीकशी गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. न गंजणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली शेफील्डमध्ये तयार केले, आणि आपले टॅनर पुढे शेफील्डमध्येच बालरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले.

इथवर कथा सरळ वाटते. तशी ती नाही. पितळेचे पातेले तर लाखो घरांत होते. मग आजार काहीच घरांत का? एकाच पातेल्यातले दूध पिऊन माझे वडील जगले, त्यांचे दोन भाऊ गेले, असे का? निव्वळ तांब्याचा मारा पुरेसा असता तर अर्धा महाराष्ट्र ओस पडला असता.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या तीन गावांच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे साडेआठ मिलिग्रॅमहून अधिक तांबे होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दोन मिलिग्रॅमची आहे. शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी तिथल्या सहा वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. यकृताच्या आजाराने एकही मूल दगावलेले नव्हते. १९९४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि विचारले, की मग दोष तांब्याचा कसा?

त्याचे उत्तर, किंवा उत्तराकडे नेणारी पायवाट, दोन वर्षांनी आल्प्समधून आली. ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागातल्या डोंगराळ खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले अशाच आजाराने गेली होती. इन्सब्रुकचे टॉमस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चच्या दप्तरांतून त्यांच्या वंशावळी जुळवल्या. या खेड्यांत सोयरीक आपापसांतच होत असे. वंशावळीत आजार ज्या रीतीने उतरत होता ती अव्यक्त आनुवंशिकतेची रीत होती, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तोच दोष आला तरच मुलात प्रकट होणारी. आणि बाळांना काय देत? गाईचे दूध-पाणी, कथलाचा थर नसलेल्या तांब्याच्या भांड्यात शिजवून. भांडी बदलली तसा आजार नाहीसा झाला. जनुक मात्र बदलले नव्हते. ते आजही त्या खेड्यांत असणार, पण त्याला बोलते करणारे भांडे आता चुलीवर नाही. म्युलर यांनी याला जनुक आणि परिसर यांच्या संगनमताचा आजार म्हटले. एकटे जनुक काही करत नाही, एकटे भांडेही बहुधा करत नाही.

मला ही कल्पना फार पटते. आपल्याकडेही एकाच घरात पाठोपाठ मुले जाण्याचा उलगडा तिने होतो. जनुकही एकाच घरातले आणि पातेलेही एकाच घरातले! म्हणूनच जुन्या डॉक्टरांना या दोन धाग्यांचा गुंता सुटला नसावा. ते दोष रक्तात शोधत होते आणि रक्ताबरोबर भांडीही वारशाने उतरत होती.

मग आपले जनुक कोणते? विल्सनच्या आजाराचे जनुक १९९३ साली सापडले. ते इथे लागू पडले नाही. बेडलिंग्टन टेरिअर जातीच्या कुत्र्यांच्या यकृतात तांबे साचते, त्याचे जनुक २००२ साली सापडले. अशा मुलांत तेही तपासले गेले आणि निर्दोष निघाले. आणि पुढे तपासायला मुलेच उरली नाहीत. संशोधकांच्या दृष्टीने ही मोठी अडचण. आईबापांच्या दृष्टीने याहून चांगली बातमी नसेल.

या मांडणीला आपल्याकडे विरोधही झाला, तो सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. यकृताच्या विकृतिशास्त्रातले एक जाणकार, डॉ. एन. सी. नायक, आणि त्यांचे सहकारी शेवटपर्यंत म्हणत राहिले की तांबे हे कारण नसून परिणाम असावा. यकृत आधीच दुसऱ्या कशाने बिघडते आणि मग त्यात तांबे साचते. पितळेचा संबंध नसलेली मुलेही आजारी पडल्याचे त्यांनी दाखवून दिले. हा आक्षेप हलका नाही. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने यात निवाडा करू नये. तरी माझे मत विचाराल तर, पेनिसिलामिनने तांबे काढल्यावर वाचलेली आणि औषध सोडूनही धडधाकट राहिलेली ती मुले, आणि पितळेबरोबर ओसरलेला आजार, या दोन गोष्टी मला पारड्यात जड वाटतात. स्टील आले त्याच काळात इतर पुष्कळ गोष्टी बदलल्या, हे खरे. पण टायरॉलमध्येही भांडीच बदलावीत आणि आजार जावा?

हे सगळे आता लिहिण्याचे निमित्त म्हणजे पितळ परत येते आहे. प्रदर्शनांत, शहरांतल्या चकचकीत दुकानांत, 'आजीच्या स्वयंपाकघरातले' म्हणून. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतल्या कारागिरांना त्यामुळे काम मिळत असेल तर मला आनंदच आहे. मी स्वतः या भांड्यांवर जीव टाकणारा माणूस. मोठ्या माणसाने तांब्याच्या लोट्यातले साधे पाणी प्यायल्याने त्याचे यकृत जात नाही. पण ही नवी भांडी घेणाऱ्या मुलींना कल्हई म्हणजे काय हे माहीत नसते, कळक हा शब्द तर त्यांच्या कानांवरून कधी गेलेलाच नाही. कल्हईवालाही आता दारावर येत नाही, शोधून काढावा लागतो. म्हणजे भांडे परत आले आणि त्याच्याबरोबरची सावधगिरी मागेच राहिली. तांब्याच्या बाटलीत लिंबू पिळून पाणी भरून नेणारा तरुण मी व्यायामशाळेच्या दारात पाहिला आहे. आजीने त्याच्या हातून बाटली हिसकावली असती.

गेल्या वर्षी एका ग्रंथालयात कोरीव भांड्यांवर बोललो. कार्यक्रम संपल्यावर साठीच्या एक बाई पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी जुने पितळी बोंडले काढले, नक्षीदार, चोचीवर मोर. पणजीचे होते. सुनेचे दिवस भरत आले होते आणि नातवंडाला पहिले दूध याच बोंडल्याने पाजावे अशी त्यांची इच्छा होती. मी नाव शोधले, ते तळाशी होते. उतरवून घेतले. मग हे सगळे त्यांना थोडक्यात सांगितले. त्या बराच वेळ बोंडले हातात फिरवत राहिल्या. "कल्हई केली तर?" त्यांनी विचारले. मी म्हटले, चोचीच्या आत बोळा पोचणार नाही. "मग चांदीचं?" चालेल, म्हटले, पण पहिले सहा महिने त्याचीही गरज नाही, आईच्या अंगावरचे पुरेल. डॉक्टरही तेच सांगतील. "आमच्या सासूबाईंनी मला उलटं सांगितलं होतं," एवढेच बोलून त्यांनी बोंडले पुन्हा फडक्यात गुंडाळले.